नकोसा इलेक्ट्रॉन

बेंगळुरूची यलो लाइन मेट्रो १० ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झाली. आर. व्ही. रोडहून बोम्मसंद्रकडे जाताना शेवटच्या स्टेशनांचे फलक वाचत गेलं, तरी शहराच्या अलीकडच्या इतिहासाची धावती उजळणी होते. इलेक्ट्रॉनिक सिटी, मग इन्फोसिस फाउंडेशन कोनप्पन अग्रहार, पुढे हुस्कूर रोड, बायोकॉन हेब्बगोडी आणि शेवटी डेल्टा इलेक्ट्रॉनिक्स बोम्मसंद्र. सॉफ्टवेअर आलं, औषधं आली, वीज-उपकरणं आली. ज्याच्या नावाने वसाहत ओळखली जाते तो इलेक्ट्रॉन इथे आहे खरा, पण चिपच्या आत, सिलिकॉनमध्ये कोंडलेला. त्याला धातूच्या पृष्ठभागावरून मोकळा करायचा आणि निर्वातात पळवायचा, हा जुना धंदा या वसाहतीच्या वाट्याला फारसा आलाच नाही.

बेंगळुरूने मात्र तो धंदा केला होता आणि चांगला जोरात केला होता, फक्त शहराच्या दुसऱ्या टोकाला.

उत्तरेकडच्या जालहळ्ळीत १९५४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली. लोकांच्या तोंडी ती 'बीईएल'. सुरुवातीचं तंत्रज्ञान फ्रान्सच्या सीएसएफ कंपनीचं आणि गिऱ्हाईक मुख्यतः लष्कर. शहर अशा कामाला सरावलेलं होतं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानच्या साथीने १९४० मध्येच इथे विमानांचा कारखाना काढला होता. टेलिफोनचा कारखाना १९४८ मध्ये आला. टाटांची विज्ञान संस्था तर त्याआधीपासून होती. युद्ध सुरू झाल्यामुळे केंब्रिजला परत जाता न आलेले होमी भाभा १९३९ पासून काही वर्षं तिथेच शिकवत होते, आणि मुंबईची 'टीआयएफआर', म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्था, १९४५ मध्ये पहिल्यांदा सुरू झाली तीही याच आवारात. भाभांचं नाव या गोष्टीत पुढे पुन्हा येणार आहे.

बीईएलने १९६१ च्या सुमारास रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला घेतले, फिलिप्सच्या सहकार्याने. व्हॉल्व्हचा रेडिओ ज्यांच्या घरी होता त्यांना बटण फिरवल्यापासून आवाज येईपर्यंतची ती शांतता आठवत असेल. त्या वेळात काचेच्या आत एक बारीकशी निकेलची नळी तापत असे. नळीवर बेरियम आणि स्ट्रॉन्शियम यांच्या ऑक्साइडचा पांढरा लेप असतो. नळी सातआठशे अंशांपर्यंत तापून लालसर झाली की लेपातून इलेक्ट्रॉन सुटू लागतात. कारखान्यात हा लेप ऑक्साइडचा म्हणून देता येत नाही, कारण ते हवेतली ओल लगेच शोषून घेतं. म्हणून नळीवर कार्बोनेट फवारायचं, काचेतली हवा पंपाने खेचत असतानाच नळी तापवायची, कार्बोनेट फुटून निघालेला वायू ओढून घ्यायचा आणि मग काच बंद करायची. उरलासुरला वायू टिपायला आत बेरियमचा तुकडा तापवून उडवतात. व्हॉल्व्हच्या काचेवर आतून दिसणारा चंदेरी डाग तो हाच. काचेला तडा जाऊन हवा शिरली की डाग पांढरा पडतो, आणि मेकॅनिक व्हॉल्व्ह उपसून बाजूला ठेवतो. त्यासाठी मीटर लावावा लागत नाही.

लेपाची जाडी, तापवण्याचा वेळ, पंपाचा जोर या गोष्टींवर व्हॉल्व्हचं आयुष्य ठरे. सूत्रं पुस्तकात होती. ओवेन रिचर्डसन यांनी तापलेल्या धातूतून किती इलेक्ट्रॉन सुटतील याचा नियम १९०१ मध्ये मांडला होता आणि १९२८ चं नोबेल त्यासाठीच मिळवलं होतं. पण लेप कसा बसला हे कळायला नियम पुरत नाही, त्याला सरावलेली नजर लागते.

व्हॉल्व्ह घडवणाऱ्यांचा खरा छळ मात्र हव्या असलेल्या इलेक्ट्रॉनने केला नाही. नको असलेल्याने केला.

तापलेल्या कॅथोडवरून निघालेला इलेक्ट्रॉन समोरच्या पत्र्यावर, म्हणजे ॲनोडवर, जोराने आदळतो आणि तिथले एखाददुसरे इलेक्ट्रॉन बाहेर फेकतो. यांना दुय्यम इलेक्ट्रॉन म्हणतात. १९०२ पासून हे माहीत होतं, पण सुरुवातीच्या साध्या व्हॉल्व्हमध्ये त्याने बिघडत काही नसे. फेकले गेलेले इलेक्ट्रॉन मुकाट्याने ॲनोडवरच परत पडत. पुढे व्हॉल्व्हमध्ये जास्त व्होल्टेजची दुसरी जाळी आली आणि घोटाळा झाला. दुय्यम इलेक्ट्रॉन ॲनोडकडे परत जाण्याऐवजी त्या जाळीकडे पळू लागले. ॲनोडचं व्होल्टेज वाढवावं तर प्रवाह वाढण्याऐवजी कमी होऊ लागला. विजेच्या मंडलात असा उलटा स्वभाव शिरला की ते स्वतःहून कंप पावू लागतं. ॲम्प्लिफायर आवाज मोठा करायचा सोडून आपलाच सूर लावतो. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट हल यांनी १९१८ मध्ये या खोडीचाच उपयोग करून कंपनं निर्माण करणारी नळी बनवली होती. बाकीच्यांना मात्र ती खोडी मोडायची होती.

मोडली ती फिलिप्सने. हॉलंडमधल्या आइंडहोवेनला बर्नार्ड टेलेगेन आणि खिलेस होल्स्ट यांनी १९२६ मध्ये ॲनोडसमोर तिसरी, विरळ विणीची जाळी बसवली. तिचं काम एकच, दुय्यम इलेक्ट्रॉनना माघारी ॲनोडकडे हाकलणं. या पेंटोड व्हॉल्व्हनेच पुढची तीसेक वर्षं घरोघरचे रेडिओ वाजवले. जालहळ्ळीत बनलेला ईएल-८४ हाही पेंटोडच. व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर बाळगणारे परदेशी शौकीन आजही बीईएल छापाचा जुना ईएल-८४ शोधत असतात. पृष्ठभागावरून अवचित निघालेले इलेक्ट्रॉन सगळी व्यवस्था डळमळीत करतात हे ज्ञान, त्यावरच्या उताऱ्यासकट, बेंगळुरूच्या कारखान्यात असं रोजच्या उत्पादनातून पोहोचलं होतं.

आता त्याच जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत थोडं थांबायला हवं, कारण हल यांचे सहकारी अर्व्हिंग लँगम्युअर तिथे विरळ वायूतून वीज सोडून पाहत होते. त्यातून बनणाऱ्या इलेक्ट्रॉन आणि आयन यांच्या मिश्रणाला 'प्लाझ्मा' हे नाव त्यांनी १९२८ मध्ये दिलं. १९३२ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं ते पृष्ठभागांवरच्या कामासाठी. प्लाझ्मा आणि पृष्ठभाग हे दोन विषय आज वेगवेगळ्या खात्यांत शिकवतात. त्यांचा जन्म एकाच माणसाच्या टेबलावर झाला.

प्लाझ्मा भिंतीला टेकतो तिथे काय होतं हे लँगम्युअर यांनीच उलगडलं. इलेक्ट्रॉन हलके आणि चपळ, आयन जड आणि मंद. त्यामुळे आधी इलेक्ट्रॉन भिंतीवर जाऊन आपटतात, भिंत ऋण होते आणि मागून येणाऱ्या इलेक्ट्रॉनना दूर लोटू लागते. भिंतीलगत केसाहूनही बारीक असा एक थर तयार होतो. शास्त्रज्ञ त्याला 'शीथ' म्हणतात. हायड्रोजनच्या प्लाझ्मात या थरातलं व्होल्टेज इलेक्ट्रॉनच्या, व्होल्टमध्ये मोजलेल्या, तापमानाच्या साधारण तिप्पट असतं, आणि तेच भिंतीला उष्ण इलेक्ट्रॉनांपासून वाचवतं. प्लाझ्माला आवर घालण्याचा सगळा खटाटोप शेवटी या थरापाशी येऊन ठेपतो.

भाभा पुन्हा येतात ते इथे. ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हाला अणुशक्तीच्या शांततामय वापरावर पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा अध्यक्षपदावरून त्यांनी भाकीत केलं की अणुसंमीलनाची ऊर्जा काबूत आणण्याचा मार्ग वीस वर्षांत सापडेल. सूर्यात जे घडतं ते पृथ्वीवर, तापलेल्या प्लाझ्मात, घडवण्याचे तोवरचे प्रयोग गुपचूप चालले होते. वीस वर्षं केव्हाच उलटली. भाकीत चुकलं, आणि ते का चुकलं याच्या उत्तराचा एक भाग त्या बारीक थरात आहे.

भारतात या संशोधनाला आकार आला तो अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत १९८२ मध्ये सुरू झालेल्या कार्यक्रमातून. १९८६ मध्ये गांधीनगरजवळच्या भाट गावी प्लाझ्मा संशोधन संस्था स्वतंत्र झाली. प्रेधिमान कृष्ण काव तिचे पहिले संचालक. संस्थेने घडवलेला 'आदित्य' हा टोकामॅक १९८९ मध्ये चालू झाला. टोकामॅक म्हणजे मेदूवड्याच्या आकाराची पोकळी. तिच्यात चुंबकांच्या जोरावर प्लाझ्मा फिरता ठेवायचा. आदित्यच्या कड्याची मोठी त्रिज्या पाऊण मीटर. फ्रान्समध्ये उभारल्या जात असलेल्या 'इटर' या टोकामॅकची ६.२ मीटर. भारत इटरमध्ये भागीदार आहे. या कामातल्या भारतीय बाजूचे, म्हणजे इटर-इंडियाचे, प्रकल्प संचालक अनेक वर्षं शिशिर देशपांडे होते, आणि इटरचं प्रचंड क्रायोस्टॅट, म्हणजे यंत्राला वेढणारं निर्वात पात्र, लार्सन अँड टुब्रोच्या हजिरा कारखान्यात भागाभागाने घडलं.

चुंबक कितीही जोरदार असले तरी प्लाझ्मा कुठेतरी भिंतीला भिडतोच. मग भिंतीतून दुय्यम इलेक्ट्रॉन निघतात. कल्हम इथल्या ब्रिटिश प्रयोगशाळेतल्या हॉब्ज आणि वेसन यांनी १९६७ मध्ये याचं गणित मांडलं. आदळणाऱ्या प्रत्येक इलेक्ट्रॉनमागे बाहेर पडणाऱ्यांचं प्रमाण हायड्रोजनच्या बाबतीत ०.८ च्या आसपास पोहोचलं की रक्षक थराचं व्होल्टेज तिपटीवरून जवळजवळ एकपटीवर घसरतं. थर लुळा पडतो आणि भिंतीवरचा उष्णतेचा मारा कैक पटींनी वाढतो. इलेक्ट्रॉन पुरेशा जोरात आदळले तर टंगस्टनसारख्या धातूतही हे प्रमाण एकाच्या वर जातं. पंगतीला एक बसावा आणि दोघे उठावेत, असा तो हिशेब.

पुढची पायरी अस्थिरतेची. समजा भिंतीचं ऋणत्व किंचित घटलं. आता आधीपेक्षा जास्त इलेक्ट्रॉन तिच्यापर्यंत पोहोचतील. हे जादा आलेले इलेक्ट्रॉन जर एकाला एकाहून जास्त इलेक्ट्रॉन उडवत असतील, तर भिंतीचं ऋणत्व आणखी घटेल, आणखी इलेक्ट्रॉन येतील. थर कोसळतो, पुन्हा उभा राहतो, पुन्हा कोसळतो. प्रिन्स्टनच्या प्लाझ्मा प्रयोगशाळेतल्या मायकेल कँपानेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये संगणकावर हे कोसळणं आणि कंप पावणं तपशिलाने दाखवलं. उत्सर्जन फार वाढलं तर नेहमीचा थर उरतच नाही, असंही त्यांनी मांडलं. शिवाय भिंतीतून निघालेले थंड इलेक्ट्रॉन थरातून वेग घेऊन प्लाझ्मात झोत होऊन घुसतात, आणि असा झोत प्लाझ्मात लाटा उठवतो. ॲनोडच्या पत्र्यामुळे आपलाच सूर लावणारा ॲम्प्लिफायर आणि हे दुखणं यांचं कूळ एकच आहे.

टोकामॅकमध्ये एक दिलासा असतो. चुंबकीय रेषा भिंतीला जवळजवळ समांतर असल्या की बाहेर पडलेला इलेक्ट्रॉन गिरकी घेऊन बऱ्याचदा भिंतीवरच परत पडतो. टेलेगेन यांच्या तिसऱ्या जाळीचं काम इथे चुंबक फुकटात करून देतो. पण सगळीकडे रेषा अशा आडव्या नसतात. भिंत फार तापली तर दुय्यम इलेक्ट्रॉनांत औष्णिक इलेक्ट्रॉनांची भर पडते. इंग्लंडमधल्या 'जेट' टोकामॅकमध्ये २०१३ साली टंगस्टनची एक पट्टी मुद्दाम वितळवून पाहिली. टंगस्टन ३,४०० अंशांच्या पुढे वितळतं. वितळलेला धातू वाहू लागला, आणि त्याला ढकलणारं बळ होतं इलेक्ट्रॉन उत्सर्जनाचं. पट्टीतून निघून गेलेल्या इलेक्ट्रॉनांची जागा भरायला धातूतून प्रवाह वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र त्या प्रवाहाला, पर्यायाने द्रव धातूला, बाजूला रेटतं. इटरने २०२३ मध्ये आतल्या भिंतीचं बेरिलियम सोडून तिथेही टंगस्टन लावायचं ठरवलं. तेव्हा हा प्रश्न आता कागदावरचा राहिलेला नाही.

प्लाझ्मा तापवणाऱ्या रेडिओलहरींच्या नळ्यांतही हाच उपद्रव. दोन समोरासमोरच्या पृष्ठभागांमध्ये इलेक्ट्रॉन लहरींच्या तालावर टप्पे घेत राहतात, प्रत्येक टप्प्याला नवे इलेक्ट्रॉन उडतात आणि बघता बघता आत ठिणग्या पडू लागतात. हा गुणाकार फायलो फार्न्सवर्थ या अमेरिकन संशोधकाने १९३० च्या दशकात मुद्दाम घडवून आणला होता. १९२७ मध्ये पहिलं पूर्ण इलेक्ट्रॉनिक टीव्ही-चित्र पाठवणारा हाच तो माणूस. गुणाकार करणाऱ्या त्याच्या नळीत मधोमध प्रकाशाचा एक ठिपका दिसे. तो ठिपका त्याच्या मनातून गेला नाही, आणि त्यातूनच १९६० च्या दशकात त्याने 'फ्यूझर' हे संमीलनाचं छोटं यंत्र काढलं. विजेचं बिल भागेल एवढी ऊर्जा त्यातून कधी मिळाली नाही, न्यूट्रॉन मात्र मिळाले. याच जातीचं यंत्र आज आसाममध्ये सोनापूरच्या प्लाझ्मा केंद्रात अभ्यासासाठी आहे. टीव्हीची नळी आणि अणुसंमीलन यांच्यातलं अंतर एवढंच.

आता पुन्हा बेंगळुरूकडे. भाभांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९६६ मध्ये देशाच्या इलेक्ट्रॉनिक्सचा आराखडा दिला. १९७१ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स आयोग आला आणि मग राज्यांनी आपापली महामंडळं काढली. कर्नाटकाचं 'किऑनिक्स' १९७६ मधलं. त्याचे पहिले अध्यक्ष आर. के. बाळिगा यांनी १९७८ मध्ये होसूर रोडलगत कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांतल्या ३३२ एकरांवर इलेक्ट्रॉनिक सिटी वसवायला घेतली. बेंगळुरूची सिलिकॉन व्हॅली करायची, असं ते तेव्हा बोलत. मुहूर्त मोठा चमत्कारिक. नाव इलेक्ट्रॉनचं, आणि काळ ट्रान्झिस्टरने व्हॉल्व्ह हद्दपार केल्याचा. पुढे धोरण बदललं, सॉफ्टवेअर पार्क आलं, पुण्यात १९८१ मध्ये नोंदलेली आणि १९८३ मध्ये बेंगळुरूला गेलेली इन्फोसिस नव्वदच्या दशकात इथे स्थिरावली. बाकीचं सगळ्यांना पाठ आहे. हे वाईट झालं असं कोणी म्हणणार नाही. पण निर्वात आणि पृष्ठभाग सांभाळण्याची विद्या या भरभराटीच्या वाटेवर नव्हती, हेही खरंच.

ती विद्या बऱ्याच अंशी महाराष्ट्रात आली. बीईएलने १९७९ मध्ये पुण्यात कारखाना काढला तो अंधारात पाहण्याच्या नळ्यांसाठी. १९९० मध्ये भोसरीला डच कंपनीच्या भागीदारीत बीईएल ऑप्ट्रॉनिक डिव्हायसेस उभी राहिली. या नळीचं काळीज म्हणजे काचेची एक पातळ चकती. तिला लाखो सूक्ष्म भोकं, एकेक भोक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढं. चांदण्याच्या उजेडाने सोडवलेला एक इलेक्ट्रॉन भोकात शिरतो, कडेला आपटतो, दोघांना सोडवतो, ते पुढे आपटतात, आणि पलीकडे हजारोंचा लोंढा निघून हिरव्या पडद्यावर चित्र उमटतं. रेडिओवाल्यांनी ज्याला हाकलायला जाळी लावली, तोच दुय्यम इलेक्ट्रॉन सियाचीनवरच्या जवानाचा डोळा झाला. नवी मुंबईत तळोज्याला बीईएलने कृष्णधवल टीव्हीच्या नळ्यांसाठी काचा बनवणारा कारखाना काढला होता. पुढे त्या काचांचं कामच संपलं.

बेंगळुरूत हा धंदा परतला तो आभाळातून. उपग्रहाला हलकेच ढकलणाऱ्या प्लाझ्मा इंजिनात झेनॉन वायूचा प्लाझ्मा बहुधा बोरॉन नायट्राइडच्या चिनी मातीसारख्या भिंतींमध्ये फिरतो. या भिंती फार थोड्या ऊर्जेच्या माऱ्यालाही दुय्यम इलेक्ट्रॉन सोडतात, आणि थर कोसळण्याचं वर सांगितलेलं गणित बरंचसं याच इंजिनांमुळे पुढे गेलं. इंजिनाला इलेक्ट्रॉन पुरवणारा पोकळ कॅथोड म्हणजे व्हॉल्व्हच्या निकेलच्या नळीचाच धाकटा भाऊ. काही प्रकारांत तर बेरियमही तेच. बेंगळुरूच्या बेलाट्रिक्स एरोस्पेसने 'अर्का' नावाचा, आधी तापवावा न लागणारा असा कॅथोड १ जानेवारी २०२४ च्या पीएसएलव्ही उड्डाणातून अवकाशात पाठवला. इस्रोने मार्च २०२५ मध्ये ३०० मिलिन्यूटनच्या प्लाझ्मा इंजिनाची एक हजार तासांची चाचणी पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. चाचणीत ठरावीक काळाने एक गोष्ट तपासली जात होती: आतल्या अस्तराची झीज.

म्हणजे प्रश्न पुन्हा लेपाचा, पृष्ठभागाचा आणि निर्वाताचाच आहे. अणुसंमीलनाच्या यंत्रांना तो पुढची कित्येक वर्षं पुरणार आहे. कार्बोनेट किती जाड फवारायचं, काच कधी बंद करायची, कुठली जाळी काळी करायची म्हणजे ती इलेक्ट्रॉन सोडणार नाही, हे जालहळ्ळी, भोसरी आणि तळोज्याच्या हातांना ठाऊक होतं. त्यांतले बरेच हात आता निवृत्त आहेत. त्यांनी आपल्या कामाच्या आठवणी लिहाव्यात, मराठीत लिहाव्यात, वह्या आणि नोंदी असतील तर रद्दीत घालू नयेत. ज्यांच्या घरात असे आजोबा किंवा आजी आहेत त्यांनी एखाद्या सुट्टीत त्यांच्यासमोर फोनचा रेकॉर्डर ठेवून बसावं.